ब्रँडचा कपडा घ्यायचा की नाही? दुकानात उभं राहून ठरवायची रीत

दहावीपर्यंत कपड्यांचा प्रश्नच नसतो खरं तर, युनिफॉर्मचे दोन जोड असले की वर्ष निघतं. अकरावीला बऱ्याच ठिकाणी युनिफॉर्म सुटतो आणि मग रोज सकाळी कपाटापुढे "माझ्याकडे घालायला काहीच नाही" सुरू होतं, आणि घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते नुसत्या नावाला एवढे पैसे कशाला, दुसरी म्हणते सगळे तेच घालतात. मला दोघांचंही पटतं म्हणून हे लिहायला बसलेय. मी बरीच वर्षं गारमेंटच्या लाइनमध्ये क्वालिटी चेकिंगला होते, म्हणजे दिवसभर कपडा उलटा करायचा, शिलाई बघायची आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं हेच काम, त्यामुळे आमच्याकडची सगळी भाचरं खरेदीला निघाली की "मावशी चल ना" करून मला ओढून नेतात, नाहीतर ट्रायल रूममधून फोटो पाठवतात. त्यांना जे सांगते तेच इथे सगळं लिहिते, मुलांसाठी आणि आईबाबांसाठीही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ब्रँड चांगला का वाईट यावर वाद घालत बसू नका, हातात धरलेला तो एक कपडा बघा आणि त्यावर ठरवा. एकाच दुकानातली जीन्स डोळे मिटून घ्यावी अशी असते आणि तिच्याच शेजारच्या रॅकवरचा टीशर्ट तिथेच ठेवून यावा असा असतो.

आधी कपाट उघडा

दुकानात जायच्या आधी एक काम, आणि हे टाळू नका. कपाटातलं सगळं बाहेर काढून पलंगावर टाका. गेल्या महिन्यात जे खरंच अंगावर चढलं ते एकीकडे आणि बाकीचं दुसरीकडे. दुसरा ढीग मोठा निघतो हे मी सगळ्या घरांत बघितलंय. आता त्या ढिगातला एकेक कपडा उचलून विचारा की हा का नाही घातला, आखूड झाला, टोचतो, कशावर मॅचच होत नाही, का फक्त त्या एका फंक्शनला घेतला होता. ही कारणं कागदावर लिहून काढा, हसू नका, हाच तुमचा सगळ्यात कामाचा कागद आहे, कारण दुकानात गेल्यावर लाइट, गाणी आणि मैत्रिणी यात हे सगळं डोक्यातून जातं. "टोचतो" तीनदा आलं असेल तर पॉलिस्टरला नाही म्हणायचं, "मॅच होत नाही" खूपदा आलं असेल तर प्रिंटेड घेणं थोडे दिवस बंद.

मग हिशेब. किंमत भागिले किती वेळा घालणार. १,९९९ ची जीन्स आठवड्यातून दोनदा वर्षभर घातली तर शंभर वेळा होते, म्हणजे एका वेळेचे २० रुपये. ७९९ चा चमकणारा टॉप ट्रॅडिशनल डे झाल्यावर एका वाढदिवसाला घातला आणि मग पडून राहिला तर एका वेळेचे चारशे पडले. आता यातलं महाग काय ते तुम्हीच बघा. हा हिशेब दुकानात मोबाइलवर करता येतो, अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि "किती वेळा घालणार" याचं उत्तर देताना स्वतःशी खरं बोलायचं, आईला पटवण्यासाठी आकडा फुगवायचा नाही.

एक गोष्ट मात्र या हिशेबात धरायचीच, उंची. मुलींची उंची साधारण पाळी सुरू झाल्यावर दोनेक वर्षांत थांबत येते, मुलांची मात्र सोळा-सतरापर्यंत सुटतच असते. चौदा वर्षांच्या मुलाला तीन हजारांची जीन्स घेऊन दिली आणि सहा महिन्यांत ती घोट्याच्या वर गेली तर तो ब्रँड कितीही भारी असो, भागाकार बिघडलाच. त्याला आत्ता साधी घ्या, थोडी लांब घ्या, आतून दुमडून घ्या, आणि उंची थांबली की मग चांगली एक घ्या.

ब्रँड म्हणजे नक्की कशाचे पैसे देतोय

सगळे ब्रँड एका माळेत ओवू नका. झुडिओ आणि वेस्टसाइड दोन्ही टाटांच्या ट्रेंट कंपनीचे, पण झुडिओचं गणितच वेगळं आहे, बहुतेक माल हजाराच्या आत, डिझाइन पटापट बदलतात, आवडलेलं पुढच्या महिन्यात मिळेलच असं नाही. झारा भारतात २०१० ला आलं, एच अँड एम २०१५ ला, युनिक्लो २०१९ ला दिल्लीत आणि २०२३ मध्ये मुंबईत. झारात तुम्ही फॅशन लवकर मिळते त्याचे पैसे देता, युनिक्लोत साध्या कपड्याच्या कापडाचे. बेवकूफ (२०१२) आणि द सोल्ड स्टोअर (२०१३) हे तर आपल्या मुंबईतलेच, आणि सोल्ड स्टोअरसारख्या ठिकाणी सुपरहिरोचा टीशर्ट घेताना त्यात त्या चित्राच्या लायसन्सचे पैसे पण असतात. तुम्ही त्या कॅरेक्टरचे खरे फॅन असाल तर ते पैसे देणं योग्यच आहे, ज्यानं काढलंय त्याला त्याचा वाटा मिळतो. पण कॅरेक्टर कोण तेच माहीत नाही, नुसता रंग आवडला, तर तसाच प्लेन टीशर्ट खूप कमीत मिळेल.

आणि खेळाचे ब्रँड, नायकी, आदिदास, पुमा, त्यांच्या बुटात संशोधन असतं पण छातीवर नाव छापलेल्या कॉटनच्या टीशर्टमध्ये कसलं आलंय संशोधन, तिथे तुम्ही नावाचेच पैसे देताय. ते द्यायचे तर द्या, माहीत असून द्या.

अजून एक, आज जे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे ते कायम राहत नाही. फॉरएव्हर २१ चं अमेरिकेत केवढं होतं, २०१९ ला दिवाळखोरीत गेलं, २०२५ ला परत गेलं. एरोपोस्टेल हा तिकडचाच ब्रँड, तोही २०१६ ला दिवाळखोरीत गेला. शीन या ऑनलाइन कपडे विकणाऱ्या चिनी ब्रँडवर आपल्याकडे जून २०२० मध्ये बंदी आली आणि २०२५ ला ते रिलायन्सच्या हातून परत आलं. मधल्या पाच वर्षांत कोणाचं काही अडलं नाही. म्हणून नाव बघून घेतलेला कपडा दोन वर्षांनी नाव उतरल्यावरही घालावासा वाटेल का, हे विचारून बघा.

कपडा उलटा करा

हे माझं आवडतं काम, इथे वेळ द्या. वांगी घेताना देठ बघतो तशी कपड्याची आतली शिलाई बघायची. सेल्समन बघत असला तरी लाजू नका, तुमचे पैसे आहेत.

टीशर्ट दोन्ही खांद्यांना धरून समोर लटकवा. बगलेपासून खाली येणारी बाजूची शिलाई सरळ खाली येतेय का पुढे पोटाकडे वळतेय? दुकानातच थोडी वळलेली असेल तर दोन-तीन धुण्यांत ती पार पोटावर येते. भाच्याचा एक काळा टीशर्ट असाच होता, चांगल्या नावाचा, चांगल्या किमतीचा, धुऊन धुऊन उजवीकडची शिलाई बेंबीजवळ आली आणि डावीकडची पाठीवर गेली, कितीही इस्त्री करा, सरळ होत नाही. सिंगल जर्सी म्हणजे टीशर्टचं नेहमीचं विणलेलं कापड, त्याला मुळात पीळ असतो, घाईघाईत, नीट मोकळं पसरून न ठेवता कापलं की तो पीळ नंतर धुताना बाहेर येतो. हा दोष नावावर अवलंबून नसतो, त्या लॉटवर असतो, म्हणून एकाच रॅकवरचे दोन पीस पण सारखे निघत नाहीत. तुमच्या साइजचे दोन-तीन पीस काढून बघा आणि सरळ शिलाईचा उचला.

मग गळा. गळ्याची रिबची पट्टी दोन बोटांनी ओढून सोडा, पटकन मूळ जागी आली पाहिजे, लाटेसारखी राहिली तर महिनाभरात गळा लोंबणार. आतून मानेमागे एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत पट्टी लावलेली असेल तर चांगली खूण, शिलाई झाकली जाते, टोचत नाही आणि खांदा ओघळत नाही.

कापडाचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅमचं. साध्या टीशर्टला १६० ते १८० बरं, हल्ली ते ढगळ ओव्हरसाइज्ड चालतात त्यांना २०० च्या पुढे लागतं नाहीतर ते अंगावर पडत नाही, चिकटतं. ऑनलाइन हा आकडा बऱ्याचदा दिलेला असतो. दुकानात नसेल तर कापडाच्या आत हात घाला आणि लाइटकडे धरा, पांढऱ्या टीशर्टमधून बोटांच्या रेषा दिसल्या तर आत बनियन घालावाच लागेल, म्हणजे आणखी खर्च. पण जाड म्हणजे चांगलंच असंही नाही हो, मुंबईच्या मे महिन्यात लोकलमध्ये २४० जीएसएमचा टीशर्ट घालून बघा. कोकण, मुंबई, गोव्याच्या दमट हवेत पातळ कॉटन, आणि नाशिक-पुण्याच्या थंडीत जाड.

आतल्या बाजूला शिवलेलं लेबल वाचा. शंभर टक्के कॉटन, कॉटन-पॉलिस्टर, व्हिस्कोस, काय ते तिथे असतं. पॉलिस्टर वाईट नाही, क्रिकेट खेळायला, ट्रेकला, पटकन वाळायला ते उत्तम, पण कॉलेजात दिवसभर बसायला घामाचा वास धरून ठेवतं. व्हिस्कोसचे टॉप दिसायला फार सुंदर पडतात आणि धुतल्यावर आटतात, म्हणून लांबीला जेमतेम असलेला घेऊ नका.

प्रिंट असेल तर नखाने अगदी हलकं खरवडून बघा आणि कापड थोडं ताणा. स्टिकरसारखी कडा उचलली जात असेल, किंवा ताणल्यावर प्रिंटला बारीक भेगा दिसत असतील तर ते लवकर सोलणार. आणि छातीभर मोठं प्लास्टिकसारखं प्रिंट असेल तर त्याखाली घाम अडतो हे लक्षात घ्या.

रंग जातो का बघायला पांढरा रुमाल थोडा ओला करून आतल्या शिलाईवर चोळा. गडद निळ्या आणि काळ्या जीन्सवर हे नक्की करा, थोडा रंग सगळ्यांचाच येतो, पण रुमाल निळाशार झाला तर ती जीन्स तुमचे बूट, बॅग आणि आईचा बेडशीट सगळं रंगवणार.

जीन्समध्ये मी तीन गोष्टी बघते. चेन वरखाली चार वेळा करून बघायची, अडली की नाही म्हणायचं. खिसा बाहेर काढून त्याचं कापड बघायचं, ते पातळ टरटरीत असेल तर मोबाइलच्या वजनाने आधी खिसा फाटेल आणि जीन्स चांगली राहील. आणि दोन पायांच्या मध्ये जिथे चारही शिलाया येऊन मिळतात ती जागा, बाहेरून दुहेरी शिलाई पाहिजे, टाके एकसारखे पाहिजेत, धागा सुटलेला नको, कारण जीन्स फाटते ती तिथेच. कापडात एक-दोन टक्के इलास्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, असला की बसायला सोपं जातं, त्याहून खूप जास्त असेल तर गुडघ्यावर पिशव्या येतात.

ट्रायल आणि साइज

आरशासमोर सरळ उभं राहून पोट आत घेऊन फोटो काढला म्हणजे ट्रायल झाली नाही. दोन्ही हात वर करा जसं बसमध्ये दांडी धरता, खाली बसा जसं कट्ट्यावर बसता, वाकून बुटाची लेस बांधा. पाठ उघडी पडली, बगलेत ओढलं, बटणांमध्ये फट पडली तर तो कपडा तुम्हाला रोज त्रास देणार आणि कपाटातल्या दुसऱ्या ढिगात जाणार.

साइजबद्दल मला मनापासून सांगायचंय, विशेषतः मुलींना. एका दुकानात एस, दुसऱ्यात एल, असं झालं की चेहरा पडतो, मी ट्रायल रूमबाहेर किती पोरी हिरमुसलेल्या बघितल्यात. तो शिक्का म्हणजे त्या कंपनीनं आपल्या पॅटर्नला दिलेलं नाव आहे, एका कंपनीचा एम दुसरीच्या एलपेक्षा मोठा असतो, आम्ही टेपने मोजत होतो म्हणून सांगते. तुमच्या शरीराबद्दल तो काहीच सांगत नाही. एक साइज मोठा घेऊन तो अंगाला बरा वाटत असेल तर तोच तुमचा साइज. घरी जो टीशर्ट तुम्हाला सगळ्यात छान बसतो तो जमिनीवर पसरून एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंतचं माप आणि लांबी इंचात मोजून मोबाइलमध्ये लिहून ठेवा, ऑनलाइन घेताना साइज चार्टशी तेच जुळवा, एस-एम-एलकडे बघूच नका.

बारीक चणीच्या मुलामुलींसाठी एक युक्ती: एच अँड एम, झारा यांच्या किड्स सेक्शनमध्ये चौदा वर्षांपर्यंतचे साइज असतात आणि तसाच टीशर्ट, तसंच जाकीट मोठ्यांच्या सेक्शनपेक्षा बऱ्याचदा स्वस्त असतं. मुलींनी प्लेन टीशर्ट मुलग्यांच्या सेक्शनमध्येही बघावेत, कापड बऱ्याचदा दणकट असतं आणि शॉर्ट्सला खरे खिसे असतात.

मी कशावर पैसे घालीन

चांगली जीन्स एक, स्पोर्ट्स शूज, मुलींसाठी नीट बसणारी ब्रा आणि खेळत असाल तर स्पोर्ट्स ब्रा, पावसाळ्याचं जाकीट. या गोष्टी वर्षानुवर्षं किंवा रोज अंगावर असतात आणि वाईट निघाल्या तर शरीराला त्रास होतो, टाच दुखते, पट्टा रुततो, पाणी आत येतं. इथे नावाजलेल्या ब्रँडच्या मागे बऱ्यापैकी सारखेपणा मिळतो, एकदा साइज कळला की परत तोच मिळतो. इथे आईबाबांनी हात आखडू नये असं मला वाटतं.

प्लेन टीशर्ट, ट्रॅक पँट, घरी घालायचे शॉर्ट्स, यात नाव शोधू नका, स्वस्तातल्या दुकानात शिलाई बघून घ्या. ट्रेंडमधला कपडा, जो रील्समध्ये सगळीकडे दिसतोय, तो हवाच असेल तर सगळ्यात स्वस्त घ्या कारण त्याचं आयुष्य सहा महिने. आणि मोठ्या लोगोची हुडी, चार हजारांची, मुंबईत राहून... नाशिकला असाल, होस्टेलला दिल्लीकडे जाणार असाल तर विचार करा, नाहीतर ती कपाटात जागा अडवते फक्त.

जीन्ससाठी उल्हासनगरचा माल पण बघा असं मी आवर्जून सांगेन. तिथे जीन्सचा केवढा मोठा धंदा आहे, लोकांच्या हाताला पिढ्यांची सवय आहे, नाव नसलेली जीन्स वर सांगितल्याप्रमाणे तपासून घेतली तर ब्रँडच्या अर्ध्याहून कमी पैशात चांगली मिळते. वरचे दीड-दोनशे रुपये टेलरला द्या आणि फिटिंग करून घ्या. लांबी कमी करताना टेलरला सांगा की खालची मूळ पट्टी कापून तीच परत जोड, म्हणजे अल्टर केलेली कळत नाही.

किंमत, सेल आणि ते "फक्त २ शिल्लक"

एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात, एमआरपीच्या वर कोणी जीएसटी लावत असेल तर देऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यावरच्याला १८ टक्के जीएसटी आहे. आधी हजारापर्यंत ५ आणि वर १२ होता. म्हणजे हजार ते अडीच हजारमधला कपडा थोडा उतरला आणि अडीच हजारांच्या वरचं जाकीट करानेच महागलं, तर घ्यायचंच असेल तेव्हा या रेषेच्या अलीकडे काय मिळतंय ते आधी बघा.

सीझन संपल्याचे सेल साधारण जून-जुलै आणि डिसेंबर-जानेवारीत येतात. जून म्हणजे नेमकं कॉलेज सुरू व्हायची वेळ, तर दोन जोडांवर पंधरा दिवस काढा आणि सेल लागल्यावर मोठी खरेदी करा. सेलमध्ये "७० टक्के ऑफ" हा आकडा वाचायचाच नाही, खाली जी द्यायची किंमत आहे तेवढीच वाचायची आणि विचारायचं की हा कपडा एवढ्याला, सेलची पाटी नसती तर, घेतला असता का.

ऑनलाइन घेताना कार्टमध्ये टाका आणि दोन-तीन दिवस हात लावू नका. "फक्त २ शिल्लक", "१० मिनिटांत ऑफर संपणार" अशी खोटी घाई लावणं, न विचारता कार्टमध्ये काहीतरी घुसवणं, शेवटच्या पानावर नवीनच चार्ज दाखवणं, हे सगळं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ च्या नियमांत चुकीचं ठरवलंय. असं दिसलं तर स्क्रीनशॉट काढा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तक्रार करता येते. फ्री डिलिव्हरीसाठी अजून दोनशेचं काहीतरी टाकायचं हेही करू नका, पन्नास रुपये डिलिव्हरी दिली तरी दीडशे वाचले. आणि "आत्ता घ्या नंतर द्या" वाल्या उधारीवर कपडे अजिबात नको, ती सवय या वयात लागली की फार जड जाते.

एक सावधगिरी: झुडिओ ऑनलाइन विकत नाही, दुकानातच मिळतं. त्या नावाची वेबसाइट किंवा इन्स्टावरचं पेज ऑर्डर घेत असेल तर पैसे पाठवू नका.

फर्स्ट कॉपी आणि सरप्लस

फॅशन स्ट्रीट, लिंकिंग रोड, पुण्यात हाँगकाँग लेन, एफसी रोड, तुळशीबाग, इथे जरूर जा, भाव करा, मजा येते. पण तिथे कपडा कपडा म्हणून घ्या, ब्रँड म्हणून घेऊ नका. साडेतीनशेला मोठ्या नावाचा टीशर्ट खरा नसतो, ती फर्स्ट कॉपी, म्हणजे हुबेहूब नक्कल असते, आणि खोटा लोगो घालून कॉलेजात गेलं की कोणीतरी ओळखेल ही धाकधूक दिवसभर, त्यापेक्षा लोगो नसलेला छान रंगाचा घालून निवांत फिरा ना. एक्सपोर्ट सरप्लस खरंच असतं, ऑर्डरपेक्षा जास्त शिवलेले किंवा किरकोळ दोषाचे पीस बाजारात येतात, बऱ्याचदा लेबल कापलेलं असतं, त्यात फार चांगलं कापड मिळून जातं. फक्त दोष काय आहे ते शोधूनच पैसे द्या. एका बाहीचा रंग किंचित वेगळा चालेल, पण शिलाई पिळलेली नको. दिवसाच्या उजेडात बघा, रात्रीच्या पिवळ्या बल्बखाली सगळे रंग सारखे दिसतात.

आईबाबांशी दोन शब्द

"आमच्या वेळी वर्षाला दोनच जोड असायचे" हे सांगू नका प्लीज. पंधरा-सोळाव्या वर्षी ग्रुपमध्ये आपण वेगळे पडतोय असं वाटणं फार खरं असतं, त्यातून एखादा ब्रँडचा टीशर्ट पोराला आधार देत असेल तर तो हट्ट नाही, त्याला थोडी मदत हवी आहे. एखादा घेऊन द्या, वाढदिवसाला, दिवाळीला, आनंदाने द्या, देताना टोमणा नको. सगळं कपाट ब्रँडचं नको एवढंच.

पैशाचं ठरवायला आमच्याकडे चाललेली पद्धत सांगते. वस्तूवार रक्कम आधी ठरते, टीशर्टला पाचशे, जीन्सला बाराशे, असं जे घराला परवडेल ते. त्यावरची किंमत ज्याला हवंय त्यानं साठवलेल्या पैशातून घालायची. भाचीला अडीच हजारांची जीन्स हवी होती, वरचे तेराशे तिचे स्वतःचे जाणार म्हटल्यावर तिनं ती जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून, बसून-उठून अशी काय तपासली की मला बोलावंच लागलं नाही, आणि घेतली, आजही घालते. भाच्यानं त्याच नियमात बूट न घेता पैसे ठेवले. दोघांचंही बरोबर होतं, त्यांनी स्वतः ठरवलं.

आणि घरात खरंच ओढाताण असेल तर मुलाला आकडे सांगा. फी एवढी, हप्ता एवढा, कपड्यांना एवढे उरतात. "महाग आहे" एवढंच म्हटलं की त्यांना कंजुषी वाटते, खरा आकडा कळला की बहुतेक पोरं समजून घेतात, आणि स्वतःच स्वस्तातलं चांगलं शोधून आणतात.

आणखी एक गोष्ट मुलांना माहीत असावी असं मला लाइनमध्ये काम केल्यामुळे फार वाटतं. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा ही इमारत कोसळली, आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसलेले असताना कामगारांना परत आत बोलावलं होतं, १,१३४ माणसं गेली, आणि ढिगाऱ्यात मोठमोठ्या परदेशी ब्रँडची लेबलं निघाली. महाग लेबल असलं की शिवणाऱ्याला जास्त मिळतं असं नसतं, एकाच फॅक्टरीत स्वस्त आणि महाग दोन्ही शिवलं जातं. तुमच्या अंगावरचा प्रत्येक टाका कोणीतरी पाठ वाकवून मारलेला आहे, म्हणून कमी घ्या, बघून घ्या आणि विरेपर्यंत घाला, उसवलं तर शिवून घ्या.

घरी आणल्यावर

टॅग लगेच कापू नका आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, ती थर्मल कागदाची बिलं महिन्याभरात पांढरी पडतात. घरच्या उजेडात परत एकदा घालून बघा, दुकानात एक्सचेंजची मुदत किती आहे ते बिलावर वाचा, आणि मुदत संपेपर्यंत टेलरकडे देऊ नका कारण अल्टर केलेलं कोणी परत घेत नाही. आतले कपडे सहसा बदलून मिळत नाहीत, ते दुकानातच नीट माप घेऊन घ्या.

पहिली धुणी वेगळी, उलटं करून, गार पाण्यात, आणि सावलीत वाळवा. प्रिंटवर थेट इस्त्री नको. मग वाळल्यावर बघा, शिलाई फिरली का, आटला का, रंग उतरला का. लेबलवर लिहिल्याप्रमाणे धुऊनही बिघडला असेल तर "नो एक्सचेंज नो रिफंड"ची पाटी बघून परत फिरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं हे अनुचित मानलंय, बिलावर जी मुदत असेल तेवढ्यात, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर तीस दिवसांत. दोष दिसेल असे फोटो काढा, बिल घ्या, मॅनेजरला शांतपणे भेटा, सोबत मोठं माणूस असलं तर बरं. पैशांऐवजी क्रेडिट नोट, म्हणजे त्याच दुकानात तेवढ्या रकमेची खरेदी करायची चिठ्ठी, देऊ म्हणाले तर सदोष मालाला ती घ्यायलाच पाहिजे असं नाही, पैसे मागा, आणि घेतलीच तर ती किती दिवस चालेल ते तिथेच लिहून घ्या.